प्रतिपाद्य विधान

वैचारिक निबंधात लेखक वाचकाला जे पटवून देणार असतो, ते एका किंवा फार तर दोन वाक्यांत मांडणारे विधान. विषय आणि प्रतिपाद्य या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘विदर्भाचा अनुशेष’ हा विषय झाला. तो का साचला, त्यावर काय करावे, याबद्दल लेखक जी बाजू घेतो ते प्रतिपाद्य. मराठीत या कल्पनेला सर्वमान्य संज्ञा नाही. ‘मध्यवर्ती विधान’, ‘मुख्य प्रतिपादन’, ‘प्रतिज्ञा’ असे पर्याय वापरले जातात. इंग्रजी ‘थीसिस स्टेटमेंट’चा ‘प्रबंध-विधान’ हा शब्दशः केलेला पर्याय टाळावा. नागपूर विद्यापीठाच्या (स्थापना ४ ऑगस्ट १९२३) परिसरात ‘थीसिस’ म्हटले की पीएच.डी.चा बांधीव ग्रंथच डोळ्यांसमोर येतो, आणि बी.ए.च्या विद्यार्थ्याचा घोळ तिथूनच सुरू होतो.

संज्ञेच्या मुळाविषयी दोन दिशांनी विचार करता येतो. ग्रीक ‘थेसिस’चा मूळ अर्थ ‘ठेवणे, मांडणे’ असा असून त्यातील धातू संस्कृत ‘धा’शी सजातीय आहे. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. चौथे शतक) नामवंत तत्त्वज्ञाच्या, पण रूढ समजुतीला छेद देणाऱ्या मताला हे नाव दिले. म्हणजे वादग्रस्तता या शब्दाच्या पोटातच होती. निबंधाच्या आरंभी असे वाक्य हवेच, हा आजचा दंडक मात्र बराच अलीकडचा. तो साधारणपणे अमेरिकी महाविद्यालयांतील लेखनवर्गांत रुजला असे मानतात.

दुसरी दिशा न्यायदर्शनाची, म्हणजे तर्क आणि प्रमाणांचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनाची. न्यायसूत्रांत (काळ अनिश्चित, बहुधा इसवी सनाची पहिली काही शतके) अनुमानवाक्याचे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव सांगितले आहेत. साध्याचा, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याचा, निर्देश करते ती प्रतिज्ञा. ‘पर्वतावर अग्नी आहे’ हे तिचे नेहमीचे उदाहरण. प्रतिज्ञा आरंभी येते आणि निगमनात, म्हणजे निष्कर्षात, सिद्ध होऊन परतते, त्यामुळे निबंधाच्या प्रस्तावना-समारोपाशी तिचे साम्य चटकन डोळ्यांत भरते. तरीही आजच्या वर्गातील प्रथा न्यायातून उतरली असे म्हणण्यास आधार नाही. नागपुरात ती इंग्रजी निबंधलेखनाबरोबर, हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) यांसारख्या महाविद्यालयांच्या वाटेने आली असणे अधिक संभवनीय दिसते.

वंशसंबंध नसला तरी भारतीय तर्कशास्त्राची उपयुक्तता कमी होत नाही. सदोष प्रतिज्ञांचे इतके नेमके वर्गीकरण आजच्या निबंधमार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. ‘न्यायप्रवेश’ या बौद्ध ग्रंथात नऊ पक्षाभास, म्हणजे सदोष प्रतिज्ञांचे प्रकार, दिले आहेत. (ग्रंथाचे कर्तृत्व तिबेटी परंपरा दिङ्नागाकडे, तर चिनी परंपरा शंकरस्वामीकडे देते. दुसरे मत ग्राह्य वाटते. ह्यूएन त्संगाने ६४७ मध्ये त्याचे चिनी भाषांतर केले.) ‘शब्द कानाने ऐकू येत नाही’ हे प्रत्यक्षविरुद्ध, ‘माझी आई वंध्या आहे’ हे स्ववचनविरुद्ध. ‘शब्द कानाने ऐकू येतो’ हेसुद्धा सदोषच, कारण ते सर्वांना आधीच मान्य आहे. त्यात सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हा तिसरा दोष सर्वांत जास्त आढळतो.

या चर्चेत बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला वगळता येत नाही. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भात मानते आणि रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडीही आहे. जन्मस्थानाबद्दल मात्र मतैक्य नाही. ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात तो म्हणतो की माझी प्रतिज्ञाच नाही, म्हणून मला दोषही नाही. परीक्षेत ही भूमिका चालणार नाही.

‘नाग नदी’ या विषयावर लिहायचे झाल्यास पहिला मसुदा बहुतेक वेळा असा निघतो : ‘नाग नदी ही नागपूरची जीवनवाहिनी आहे.’ हे झाले गौरवगान. दुसरा : ‘नाग नदी प्रदूषित झाली आहे.’ पुलावर उभे राहून नाक दाबणाऱ्या कोणालाही हे मान्य आहे, म्हणजे आधीच सर्वमान्य असण्याचा, वर सांगितलेला तिसरा दोष आलाच. तिसरा : ‘पावसाळ्यापूर्वी गाळ उपसल्याने नाग नदीचा पूर काही अंशी आवरेल, पण सांडपाणी अडवल्याशिवाय तिचे प्रदूषण हटणार नाही; म्हणून खर्चात सांडपाण्याला अग्रक्रम हवा.’ आता लेखकाने दोन प्रश्न वेगळे केले आहेत आणि एक बाजू घेतली आहे. विरोधकालाही जागा आहे : २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात ज्याच्या घरात पाणी शिरले, तो पूरनियंत्रण आधी म्हणेल. निबंधाचे परिच्छेदही याच वाक्यातून पडतात – गाळ, सांडपाणी, खर्चाचा क्रम.

कसोटीसाठी नागपुरी बोलीतला ‘काहून?’ (का?) पुरेसा आहे. विधान ऐकून समोरच्याने ‘काहून?’ विचारले नाही, तर ते बदलावे. ‘अनेक पैलू आहेत’, ‘काळाची गरज आहे’ अशा शब्दांवर हा प्रश्न नीट विचारताच येत नाही.

विधानाचे स्थान सामान्यतः प्रस्तावनेच्या शेवटी असते. सुविचाराने किंवा कवितेच्या ओळींनी सुरुवात करण्याची शालेय सवय त्याला पुढे ढकलते, अडवत नाही. मसुदा पूर्ण झाल्यावर ते पुन्हा लिहावे लागते, कारण लिहिता लिहिता मत सरकते. आत्मवृत्तात्मक व कल्पनाप्रधान निबंधांना (‘मी फुटाळा तलाव बोलतोय’ इत्यादी) प्रतिपाद्य विधान लागत नाही.