कल्पित अंतराळयानांच्या प्रतिकृती

कल्पित अंतराळयानांच्या प्रतिकृती : चित्रपट-मालिकांतील अंतराळयानांची, प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच (किट) जोडून केलेली छोटी मॉडेले, आणि ती मुळाबरहुकूम करण्याचा छंद. विमानाचे किंवा रणगाड्याचे मॉडेल करणाऱ्याला शंका आली, तर संग्रहालयातल्या खऱ्या यंत्राला टेप लावता येतो. इथे ते यंत्र कधी नव्हतेच. होते ते स्टुडिओत चित्रीकरणासाठी केलेले दुसरे मॉडेल, आणि पुष्कळदा परस्परांशी न जुळणारी दोन-तीन मॉडेले. त्यामुळे या छंदातली निम्मी भांडणे ‘मूळ कोणते धरायचे’ याचीच असतात. दिवाळीच्या किल्ल्यात महाराज बुरुजापेक्षा उंच बसतात आणि कोणी हरकत घेत नाही. किटवाल्यांना हे औदार्य परवडत नाही.

सर्वांत गाजलेले उदाहरण ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या (१९६६–६९) एंटरप्राइझ यानाचे. मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून त्याचे आधी सुमारे तीन फुटी आणि मग अकरा फुटांहून थोडे मोठे, अशी दोन मॉडेले झाली. मोठे मॉडेल पॉप्लरचे लाकूड, पत्र्याच्या नळ्या आणि साच्यावर ओढलेले प्लास्टिक यांचे. मालिकेच्या पहिल्या नमुना भागाच्या (पायलट) वेळी त्यात दिवे नव्हते. नंतर खिडक्या उजळल्या, इंजिनांच्या टोकांचे घुमटही बदलले. १९७४ मध्ये ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेले. १९९१ च्या दुरुस्तीत अंगावरच्या रेषा ठळक रंगवल्या गेल्या, त्यावर जाणकार अजून चडफडतात. सुदैवाने यानाच्या पुढच्या गोल तबकडीच्या वरच्या बाजूला तेव्हा हात लावलेला नव्हता, म्हणून पुढच्या दुरुस्तीत मूळ रंगाचा साक्षीदार तिथेच मिळाला : हिरवट झाकेचा राखाडी. २०१६ मध्ये मॉडेल त्या रूपात प्रदर्शनात आले. तीन फुटी मॉडेल मात्र १९७० च्या दशकात हरवले ते २०२४ मध्ये परत मिळाले.

याचे पहिले किट एएमटी कंपनीने १९६६ मध्ये काढले, साधारण १८ इंची. कथेत यानाची लांबी ९४७ फूट आहे. म्हणजे हे किट सुमारे १/६३० प्रमाणाचे झाले. (नंतरची किटे १/१००० ची, सुमारे २९ सेंटिमीटर, आणि १/३५० ची, सुमारे ८२ सेंटिमीटर.) मूळ मॉडेलच्या तबकडीवर शिसपेन्सिलीने ओढलेल्या फिकट रेषा होत्या, किटवाल्यांनी त्या प्लास्टिकमध्येच उठवल्या. १/६३० ला अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या यानावर फूटभर रुंद पट्टा. म्हणून अचूकतेच्या मागे लागलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर कारखान्याने कष्टाने घातलेले हे तपशील घासून काढतो आणि शेवटी टोकदार पेन्सिलीने पुन्हा आखतो. जुन्या किटचा दुसरा प्रसिद्ध दोष म्हणजे इंजिनांच्या नळ्या वर्षभरात खाली झुकतात. आधारांच्या आतून पितळी सळई घालणे हाच त्यावर खात्रीचा इलाज.

इंदूरमध्ये हे काम जे मिळेल त्यावर चालते. किट आणि डिकल (पृष्ठभागावर चिकटवायची छापील अक्षरे-चिन्हे) बाहेरून मागवावे लागतात, पण वॉटर पेपर, एम-सील, पितळी सळया सियागंजच्या बाजारात मिळतात. सांधे भरायला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी चालते; ती सुकताना आकसते, म्हणून पातळ हात दोन-तीनदा द्यावेत, मध्ये रात्र जाऊ द्यावी. त्याहून चांगली लांबी (म्हणजे सांधे भरायचा लगदा) घरीच होते : भाग ज्या चौकटीला लागून येतात तिचे तुकडे प्लास्टिक सिमेंटच्या बाटलीत विरघळवायचे. ही लांबी त्याच प्लास्टिकची असल्याने घासताना आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकीच झिजते, सांधा पुन्हा उमटत नाही. एनसी थिनरने भाग पुसण्याचा मोह मात्र आवरावा. किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, त्याने बारीक तडे जातात, आणि ते कोणत्याही लांबीने भरत नाहीत.

रंगाला इथले हवामान पंचांग लावून देते. पावसाळ्यात पटकन उडणाऱ्या थिनरमुळे पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. मे महिन्यात उलटे : फवारा पोहोचेपर्यंत अर्धा सुकतो, अंग खरखरीत होते. रंगवायचे ते दिवाळीनंतर. उन्हाळ्याचा एक उपयोग आहे : पिवळे पडलेले जुने डिकल काचेला आतून चिकटवून उन्हात काही दिवस ठेवले की पुष्कळसे पांढरे होतात.

दिव्यांच्या बाबतीत इंदूरकर माणूस सुखी आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) निघतात. १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलचीही निघते. फिरत्या दिव्यांची सर्किटे, छोट्या मोटारी आणि प्रकाश नको तिथून फुटू न देण्याच्या युक्त्या या शहराला नव्या नाहीत. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एका पांढऱ्या एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टन्स पुरतो. खिडक्यांसाठी पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरचे फायबर (प्रकाश वाहून नेणारे तंतू). भागांच्या आतून आधी काळा आणि वर चंदेरी हात दिला नाही, तर सगळे यान कंदिलासारखे झळकते. एंटरप्राइझच्या इंजिनांच्या टोकांत फिरणारा प्रकाश मुळात मोटार, आरशाचे तुकडे आणि नाताळच्या लुकलुकत्या दिव्यांनी केलेला होता. तेव्हा महाराणी रोडवरून आणलेली दिवाळीची माळ तिथे बसवली, तर परदेशी तयार संचापेक्षा ती परंपरेला जवळची ठरते, असे या नोंदकाराचे मत.

इतर यानांची कथा थोडक्यात. ‘स्टार वॉर्स’च्या मॉडेलांवरची यंत्रांची दाटी बाजारातल्या रणगाड्यांच्या, जहाजांच्या किटमधले भाग चिकटवून केलेली होती, कोणता भाग कोणत्या किटचा, हे ओळखून तेच जुने किट शोधणारे लोक आहेत. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी केलेले ५४ फुटी डिस्कव्हरी यान आज उरलेले नाही, तिथे छायाचित्रांवरच भिस्त.

अचूकतेचा सर्वांत अवघड प्रश्न एंटरप्राइझच्या डाव्या बाजूचा. दिव्यांच्या तारा तिथून बाहेर काढल्याने मोठ्या मॉडेलची ती बाजू पूर्ण केलीच नव्हती; चित्रीकरण उजवीकडून होई, आणि डावी बाजू दाखवायची झाल्यास अक्षरे उलटी चिकटवून चित्रफीत उलटवीत. दोन्ही बाजू सारख्या रंगवणारा यानाशी प्रामाणिक राहतो, डावीकडे तारा लोंबत्या ठेवणारा मॉडेलशी. बहुतेक जण पहिला मार्ग धरतात. दुसरा धरणाऱ्याला घरच्यांकडून ‘हे अर्धवट का ठेवलंस रे?’ हे दर गणपतीत ऐकावे लागते.