मांजर नंबर ४०० आणि जपानची भरभराट

"आधी विकास होऊ द्या, प्रदूषणाचं नंतर बघू, जपानने पण तेच केलं" हा फॉरवर्ड परत आला. केलं ना, पण पुढे काय झालं तेही वाचा की.

१९५६ सालच्या जपानच्या सरकारी आर्थिक अहवालात लिहिलं होतं, युद्धानंतरचा काळ आता संपला. त्याच वर्षी मे महिन्यात क्युशू बेटावरच्या मिनामातामध्ये एका विचित्र आजाराची नोंद झाली, हात थरथरायचे, नजर आक्रसायची, बोलणं अडखळायचं, मांजरं तर नाचल्यासारखी तडफडून मरायची. लोकांना वाटलं साथ आहे, शेजाऱ्यांनी त्या घरांशी संबंध तोडले.

तिथे चिस्सो कंपनी ॲसिटिलीन आणि पाण्यापासून ॲसिटाल्डिहाइड बनवायची, त्यातून पुढे प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन. उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, म्हणून पाऱ्याचं संयुग. उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा राहतो हे शाळेत घोकलेलं, पण इथे थोड्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी हे विषारी संयुग व्हायचं आणि ते सांडपाण्यातून थेट समुद्रात.

आता खरी गंमत, म्हणजे भयानकच. पाऱ्याला गंधकाची भारी ओढ, आणि सिस्टीन या अमिनो आम्लात (प्रथिनांच्या एका विटेत) गंधक असतो. मिथाइल मर्क्युरी त्याला चिकटलं की ही जोडी हुबेहूब मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, जे मेंदूला हवंच असतं, मग मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधला पहारेकरी तिला ओळखीचं गिऱ्हाईक समजून आत सोडतो. गर्भाला आईशी जोडणाऱ्या वारेतही तोच घोटाळा, त्यामुळे आई वरून ठणठणीत आणि बाळ जन्मापासून आजारी. आणि हे विष माशाच्या चरबीत नाही, मांसातल्या प्रथिनांना धरून बसतं, धुवून-शिजवून जात नाही. प्लवकातून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून) लहान मासा, त्यातून मोठा, मग तो खाणारी माणसं आणि मांजरं, दर पायरीला प्रमाण वाढतंच.

(आपल्याकडे पारद शिवलिंगावरचं पाणी औषध म्हणून पितात. तो पारा वेगळ्या रूपातला, पण औषध अजिबात नव्हे.)

१९५९ मध्ये कारखान्याच्याच दवाखान्याचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी हे सांडपाणी मांजराला खाण्यातून दिलं. मांजर नंबर ४००. तीच लक्षणं आली. कंपनीने निकाल दाबला आणि ॲसिटाल्डिहाइड १९६८ च्या मेपर्यंत चालूच.

त्याच सप्टेंबरमध्ये सरकारने आजाराचं कारण हे सांडपाणीच असल्याचं मान्य केलं, आणि त्याच वर्षी जपानने पश्चिम जर्मनीला आर्थिक उत्पादनात मागे टाकलं. पण लोक आता ऐकणार नव्हते. १९७० च्या संसदेच्या एका अधिवेशनात प्रदूषणाचे १४ कायदे झाले, आणि १९६७ च्या मूळ कायद्यात पर्यावरण जपताना आर्थिक विकासाशी मेळ राखावा असं जे वाक्य होतं, ते चक्क काढून टाकलं.