हेडगार्ड घातलं की डोकं सेफ? नाही हो

ठाणे, कळवा, घणसोली, कुठल्याही बॉक्सिंग क्लासला जा, आईबाबा पहिलं हेच विचारतात की सर, चांगलं जाड हेडगार्ड घेतलं की डोक्याला काही होणार नाही ना? होऊ शकतं. हेडगार्ड भुवई फुटणं, कान सुजणं, डोक्याला डोकं आपटून होणारी जखम हे बरंच कमी करतं, पण ठोसा बसल्यावर मान झटकन वळते आणि कवटीच्या आत मेंदू हलतो ना, ते बाहेरचा फोम थांबवू शकत नाही. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून हेडगार्ड आलं, 2013 मध्ये सीनियर पुरुषांसाठी काढलं आणि 2016 च्या रिओत ते त्याशिवायच खेळले. म्हणून पोरांनी काढून टाकायचं असं अजिबात नाही!! स्पारिंगला, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीला, घालाच.

घेताना मात्र जाडी बघू नका, फिटिंग बघा. हनुवटीचा पट्टा लावून दोन्ही हातांनी ते गोल फिरवून बघा, डोळ्यावर सरकलं तर नको. गालावर मोठं पॅड असलेलं प्रॅक्टिसला ठीक, पण त्याने खालून येणारा अपरकट दिसत नाही आणि न दिसलेला ठोसाच जास्त लागतो. स्पर्धेसाठी आधी आयोजकांचे नियम विचारा मगच पैसे घाला. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात घामाने ओलं झालेलं बॅगेत कोंबून ठेवू नका, बुरशी धरते.

ठोशानंतर पोरगं गोंधळलं, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणालं तर स्पारिंग तिथेच बंद आणि सरळ डॉक्टर, हेडगार्ड होतं की नव्हतं हे बघूच नका.