निखळलेला दात दुधातच का ठेवायचा?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात तुटलेल्या आणि हलणाऱ्या पटाशीच्या दातांचे रुग्ण वाढतात. त्यांतला शिवाजी पेठेतला 13 वर्षांचा एक मुलगा मला विशेष आठवतो. सरावात दुसऱ्या खेळाडूचे कोपर तोंडावर बसले आणि त्याचा वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर पडला. कुणीतरी तो मातीतून शोधला, नळाखाली धरून बोटाने खसाखसा घासला आणि रुमालात गुंडाळून वडिलांकडे दिला. ते माझ्याकडे पोहोचले तेव्हा 50 मिनिटे झाली होती. दात पांढराशुभ्र दिसत होता. परंतु त्याला वाचवू शकणारी गोष्ट नेमकी त्या घासण्यात निघून गेली होती.

ती गोष्ट म्हणजे मुळावरचा ओलसर, पातळ पापुद्रा. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटरची फट असते आणि तिच्यात असंख्य आडवे-तिरपे धागे ताणलेले असतात. त्यांचे एक टोक हाडात, तर दुसरे मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात रुतलेले असते. या धाग्यांना पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. त्यांच्यावर दात झोळीतल्या बाळासारखा तोललेला असतो, म्हणून कडक भाकरी चावताना तो किंचित दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. दात निखळतो तेव्हा हे धागे मध्येच तुटून काही खोबणीत, तर काही मुळावर राहतात, आणि मुळावरच्या पेशी त्या क्षणी जिवंत असतात. त्या जिवंत असतानाच दात परत बसवला, तर दोन्हीकडचे धागे पुन्हा जुळून येतात. कोरड्या हवेत मात्र 30 मिनिटांनंतर आशा झपाट्याने मावळते आणि 60 मिनिटांनंतर बहुतेक पेशी मेलेल्या असतात. डेन्मार्कचे येन्स आन्द्रेआसेन यांनी सहकाऱ्यासह 1966 मध्ये परत बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांची मुळे बहुतांशी शाबूत राहिलेली दिसली.

मग दात पाण्यात का ठेवू नये? शाळेत पाण्यात मनुका फुगवण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. पेशीच्या आत क्षारांसारखे विरघळलेले कण भरपूर असतात, साध्या पाण्यात ते जवळजवळ नसतात, म्हणून पाणी पेशीत शिरत राहते आणि ती फुगून फुटते. दुधात हे घडत नाही, आणि त्याचे कारण मला फार सुंदर वाटते. म्हशीच्या कासेतल्या पेशी लॅक्टोज ही साखर तयार करतात, त्या साखरेमागोमाग पाणी ओढले जाते आणि दुधातल्या एकूण विरघळलेल्या कणांचे प्रमाण रक्तातल्या प्रमाणाशी जुळेपर्यंत ही ओढ चालू राहते. दोन्हींमध्ये हे प्रमाण एक किलो पाण्यामागे 280 ते 290 मिलिऑस्मोलच्या आसपास असते. याच गुणामुळे निर्भेळ दूध शून्यावर न गोठता सुमारे उणे 0.53 अंश सेल्सिअसला गोठते, आणि डेअरीत हाच गोठणबिंदू मोजून दुधात घातलेले पाणी पकडतात. शिवाय दुधाचा पीएच 6.6 ते 6.8, म्हणजे उदासीनतेच्या जवळचा असतो. ताक आणि दही आंबट असल्यामुळे चालत नाहीत. गंगावेशीत डोळ्यांसमोर पिळलेले धारोष्ण दूध हा कोल्हापूरचा अभिमान असला, तरी दातासाठी पिशवीतले पाश्चराइज्ड, थंड दूध अधिक चांगले, कारण त्यात जंतू कमी असतात आणि थंडाव्यात पेशींचे काम मंदावते. मात्र दुधाने दात बरा होतो असे कुणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. दूध पेशींचे मरण फक्त काही तास पुढे ढकलते.

म्हणून कायमचा दात पडला, तर तो शेंड्याला, म्हणजे तोंडात दिसणाऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, माती असल्यास काही सेकंद थंड पाण्याखाली नुसता धरावा आणि शक्य असल्यास तिथेच खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमले नाही तर दूध. दूध नसेल तर पेल्यात थुंकलेली स्वतःची लाळ. पाणी हा अगदी शेवटचा पर्याय, तरीही कोरड्या रुमालापेक्षा बरा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण त्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. मुलगा बेशुद्ध झाला असेल किंवा उलट्या होत असतील, तर दात बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे. दात नुसता हलत असेल, तर तो पुन्हा पुन्हा हलवून पाहू नये. दंतवैद्य तो जागेवर आणून बारीक, लवचीक तारेने शेजारच्या दातांना काही आठवडे बांधून ठेवतात.

त्या मुलाच्या वडिलांना वेगळीच भीती होती: वरच्या दाताशी खेळ केला तर नजर जाईल. हा समज घरोघरी आहे आणि त्यापायी अनेक जण उपचार लांबवतात. डोळ्याकडून मेंदूकडे दृष्टी नेणारी नस आणि दातांची नस या दोन वेगळ्या नसा आहेत. दात बसवल्याने किंवा काढल्याने दृष्टीला काहीही होत नाही.

मी तो दात बसवला, तारेने बांधला, धनुर्वाताच्या लसीची चौकशी केली आणि पुढच्या दोन आठवड्यांत मुळावरचे उपचारही केले. मुळावर जिवंत पेशी नसल्या की हाड थेट मुळाला चिकटते, आणि हाडाची सतत झीज-भर करणाऱ्या पेशी मुळालाही हाड समजून हळूहळू खाऊन टाकतात. हे घडायला काही वर्षे लागतात, म्हणून तोवर जागा भरलेली राहावी एवढाच आमचा हेतू होता. मागच्या तपासणीत मी आरशाच्या दांडीने त्याचे दात एकेक करून हलके ठोकले. शेजारच्या दाताचा आवाज दबका, मऊ आला. त्या दाताचा मात्र धातूवर ठोकल्यासारखा, टणक.