वनस्पतिपेशी व प्राणिपेशी : सूक्ष्मदर्शकीय तुलना

वनस्पती व प्राणी यांच्या पेशी काचपट्टीवर घेऊन त्यांची बाह्यसीमा, केंद्रकाचे स्थान, रिक्तिका व लवके यांतील साम्यभेद प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत. शाळेत ती कांद्याचा पापुद्रा व गालाचे आतील अस्तर यांवर शिकवली जाते. तिचा उगम मात्र पेशी सिद्धांताच्या (सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात या तत्त्वाच्या) इतिहासात आहे.

वनस्पतिपेशी प्राणिपेशींच्या पुष्कळ आधी ओळखल्या गेल्या, याचे कारण प्रामुख्याने प्रकाशकीय आहे. रॉबर्ट हुक यांनी बुचाच्या कापात पाहिलेले आणि १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेले कप्पे म्हणजे मृत पेशींच्या भित्तिका होत. भित्तिका जाड असल्याने सदोष भिंगांतूनही दिसते. याउलट पेशीपटलाची जाडी सु. ७ ते १० नॅनोमीटर, तर प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची विभेदन मर्यादा (दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी लागणारे किमान अंतर) सु. २०० नॅनोमीटर आहे. त्यामुळे प्राणिपेशीची जी कड दिसते तिच्यावरून पटलाच्या खऱ्या जाडीचा बोध होत नाही.

दोन्ही सृष्टींची तुलना प्रथम कोणी केली याबद्दल मतभेद आहेत. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये आमराच्या (ऑर्किडच्या) बाह्यत्वचेतील केंद्रकाकडे लक्ष वेधले आणि वनस्पतिवैज्ञानिक माटीआस श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतिपेशीची निर्मिती केंद्रकाशी जोडली. श्लायडेन यांनी भोजनप्रसंगी हे सांगताच प्राणिऊतकांचे अभ्यासक टेओडोर श्वान यांना पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्डच्या; भ्रूणाच्या पाठीतील लवचिक दांड्याच्या) पेशींत पाहिलेल्या तशाच घटकाची आठवण झाली, अशी हकीकत आहे. ती श्वान यांनीच सु. चार दशकांनंतर सांगितली असल्याने तिचा तपशील सावधपणे घ्यावा लागतो. पृष्ठरज्जू व कूर्चा यांच्या पेशींच्या कडा इतर प्राणिऊतकांच्या मानाने ठळक असतात, त्यामुळे वनस्पतींच्या मृदूतकाशी (पातळ भित्तिकांच्या साध्या पेशींच्या ऊतकाशी) त्यांचे साम्य चटकन जाणवते. श्वान यांनी बेडकाच्या भैकेराच्या (शेपटी असलेल्या पिलाच्या) याच ऊतकांपासून सुरुवात केली, हे महत्त्वाचे आहे. त्यांचा ग्रंथ १८३९ चा. यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्येच प्राग येथील परिषदेत प्राणिग्रंथींतील ‘कण’ व वनस्पतिपेशी यांतील सादृश्य मांडले होते, म्हणून काही इतिहासकार त्यांना अग्रमान देतात. तथापि पुर्किन्ये यांची मांडणी सादृश्यापुरती राहिली. सर्व ऊतकांना लागू पडणारे तत्त्व श्वान यांनी सांगितले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. नव्या पेशी स्फटिकाप्रमाणे द्रवातून तयार होतात हे श्लायडेन व श्वान यांचे मत रॉबर्ट रेमाक व रूडोल्फ फिरखो यांनी १८५० नंतरच्या दशकात खोडून काढले.

प्रत्यक्ष निरीक्षणात कांद्याच्या पापुद्र्याला आयोडिनाने व गालाच्या पेशींना मिथिलीन ब्लूने रंजित करतात. कांद्यात मोठ्या रिक्तिकेमुळे केंद्रक बहुधा कडेला सरकलेले दिसते, तर गालाच्या पेशीत ते साधारणतः मध्यभागी असते. मात्र या जोडीवरून काढलेली सर्वसाधारण अनुमाने फसवी ठरू शकतात. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवके नसतात; त्यांसाठी हायड्रिला या पाणवनस्पतीचे पान घ्यावे लागते. गालाच्या पेशी आवरण ऊतकाच्या, चपट्या व गळून पडणाऱ्या असल्याने ‘प्राणिपेशी अनियमित आकाराची’ हा समज बळावतो. यकृताच्या पेशी बऱ्याच अंशी बहुभुजाकृती असतात. आकारापेक्षा मिठाच्या तीव्र द्रावणाची कसोटी अधिक निर्णायक आहे : वनस्पतिपेशीत जीवद्रव्य आकसून भित्तिकेपासून सुटते व भित्तिकेची चौकट जागच्या जागी राहते, तर तांबडी रक्तपेशी संपूर्णच आक्रसते. साध्या पाण्यात रक्तपेशी फुटते, वनस्पतिपेशी केवळ ताठ होते.

पेशीविभाजनात प्राणिपेशी बाहेरून खाच पडून दुभंगते, तर वनस्पतिपेशीत मध्यभागी पट्टिका तयार होऊन ती कडांकडे वाढते. वनस्पतींत तारककेंद्रे (प्राणिपेशीत केंद्रकाजवळ असणारी, विभाजनात भाग घेणारी सूक्ष्म अंगके) नसतात, हे प्रचलित विधान सपुष्प वनस्पतींना लागू पडते. हरिता (मॉस), नेचे, सायकस व गिंको यांच्या पोहणाऱ्या पुंयुग्मकांच्या (नर जननपेशींच्या) निर्मितीत ती आढळतात. गिंकोची अशी पुंयुग्मके हिरासे साकुगोरो यांनी १८९६ मध्ये वर्णिली.