गजकर्णाची लाली कोणाची?

पावसाळा लागला की साताऱ्यातल्या मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ ही मागणी वाढते. पाटण-जावळीकडे भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, शहरात दमट राहिलेल्या जीन्सखाली जांघेत गजकर्ण उठतं. ट्यूब लावली की दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते. गुण आला म्हणून ट्यूब फडताळात जाते, आणि थोड्याच दिवसांत चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो.

गफलत इथेच होते. लाली, सूज, खाज हे बहुतांशी बुरशीचं काम नसून आपल्या प्रतिकारयंत्रणेचं असतं.

गजकर्णाची बुरशी, म्हणजे ट्रायकोफायटन आणि तिच्या जातभाई, त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरात राहतात आणि तिथलं केराटिन, म्हणजे कातडी-नखांचं चिवट प्रथिन, पचवून जगतात. या थरात रक्तवाहिन्या नाहीत. मग खालच्या जिवंत पेशींना पत्ता लागतो कसा?

बुरशीच्या भिंतीवरून. आपल्या पेशींना भिंत नसते, नुसतं पटल असतं. बुरशीच्या भिंतीत आत कायटिन हा चिवट पदार्थ, त्याला धरून बीटा-ग्लुकन या ग्लुकोजच्या साखळ्यांची जाळी, आणि बाहेरून मॅनन या दुसऱ्या शर्करेचं आवरण. बीटा-ग्लुकन माणसाचं शरीर बनवत नाही, त्यामुळे ते दिसलं की परका आला हे नक्की. ते धरणारा ग्राही म्हणजे डेक्टिन-१. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल अशा जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींच्या पटलावर तो असतो. त्याचं हे काम २००१ मध्ये उलगडलं.

पण ग्लुकनचे सुटे तुकडे द्रवात विरघळून फिरत असतात. प्रत्येक तुकड्यावर पेशी भडकली तर शरीराचंच नुकसान. गंमत अशी की विरघळलेलं ग्लुकन डेक्टिनला चिकटतं, तरीही पेशी गप्प राहते. डेक्टिनच्या आतल्या शेपटाला फॉस्फेट लागला की संदेश सुरू होतो. पण शेजारीच सीडी-४५ हे विकर (एन्झाइम) असतं, ते लागलेला फॉस्फेट लगेच काढून टाकतं. अख्खी बुरशी पेशीला टेकते तेव्हा मात्र त्या जागी पुष्कळ डेक्टिन गोळा होतात आणि सीडी-४५ त्या जागेच्या बाहेर ढकललं जातं. आता फॉस्फेट टिकतो आणि संदेश एसवायके व कार्ड-९ या प्रथिनांमार्फत केंद्रकापर्यंत जातो. २०११ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं गेलं. म्हणजे ‘बुरशीचा चुरा कुठूनतरी आला’ आणि ‘बुरशी अंगाला टेकली’ यांतला फरक पेशीला कळतो.

जाता जाता: अळंबीतलं बीटा-ग्लुकन ‘इम्युनिटी’ वाढवायला म्हणून डब्यांतून विकलं जातं. गजकर्ण झालेल्याला ग्लुकनची टंचाई नसते. बुरशी ते घेऊनच आलेली असते.

संदेश पोचला की न्यूट्रोफिल धावून येतात, टी-पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशी इंटरल्युकिन-१७ हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि वरची त्वचा नेहमीपेक्षा झपाट्याने कोंड्यासारखी गळू लागते. बुरशी राहते त्या थरासकट फेकली जाते. गवताला लागलेला वणवा जसा कडेने पुढे सरकतो आणि मध्ये जळालेली जमीन उरते, तसंच इथे होतं: मध्ये त्वचा निवळत जाते, जिवंत बुरशी आणि तिच्याशी झुंज कडेला. गजकर्णाचं कडं ते हेच.

ही यंत्रणाच नसेल तर काय होतं, हेही माहीत आहे. २०१३ मध्ये उत्तर आफ्रिकी कुटुंबांतल्या १७ रुग्णांत कार्ड-९ चा जन्मजात दोष सापडला. एरवी कातडीवरच थांबणारी ही बुरशी त्यांच्यात खोल शिरली होती. काही जण त्यातच दगावले.

बुरशीनाशकात क्लोबेटासोलसारखं सूज दाबणारं स्टेरॉइड मिसळलेली खाजेची ट्यूब हीच झुंज थंड करते. लाली जाते, बुरशी चरत राहते. कडं पुसट होतं, कधी कड्यात कडं उठतं, निदान अवघड होतं. जांघेत कातडी पातळ होऊन कायमचे ताणाचे वळ (स्ट्रेच मार्क) पडतात ते वेगळंच.

याउलट उदाहरण गोठ्यात मिळतं. वासरांच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्या आणणारी बुरशी माणसाच्या हातावर आली तर चट्टा सुजतो, कधी पू धरतो, कारण ती माणसाला सरावलेली नाही आणि यंत्रणा तिच्यावर तुटून पडते. एवढी दाणादाण झाल्यावर ती पुष्कळदा आपोआपही जाते. माणसावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ट्रायकोफायटन रुब्रम सौम्य दिसते आणि वर्षानुवर्षं ठाण मांडते. तिच्या भिंतीतलं मॅनन टी-पेशींना मंदावतं.

बुरशीनाशक मलम स्टेरॉइडविरहित हवं. कड्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे. घरात आणखी कोणाला असेल तर त्याचेही उपचार एकदमच. टॉवेल आणि अंतर्वस्त्रं वेगळी, कडक उन्हात वाळवलेली. तरीही हटत नसेल, तर टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला न जुमानणारी बुरशी आता भारतात आहे, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाकडून कातडीची खरवड तपासून घ्यावी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात केराटिन विरघळतं, कायटिनची भिंत टिकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसतात. खरवड मात्र कडेची घ्यायची. मधली घेतली तर अहवाल कोरा येऊ शकतो.