सस्पेन्शन बुश बदलणे (मझदा एमएक्स-५, पहिली पिढी)

सस्पेन्शन बुश बदलणे : मोटारीचे सस्पेन्शन आर्म ज्या रबरी सांध्यांवर हलतात, ते झिजले की काढून नवे बसवण्याचे काम. जुनी स्पोर्ट्स कार हाती आली की आधी इंजिन उघडले जाते. पण तीस वर्षांची गाडी वळणावर ढिली वाटत असेल, तर दोष बहुधा या रबरात असतो. हे काम शिकायला मझदा एमएक्स-५ची पहिली पिढी फार चांगली.

ही दोन आसनी उघडी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसली आणि १९९७ पर्यंत हिरोशिमा येथे बनत राहिली. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर आणि अमेरिकेत मियाटा या नावाने विकली गेली. सुरुवातीच्या १.६ लिटर गाडीचे वजन १,००० किलोच्या आत होते. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेले असते. चाकाचा कोन नेमका राखणे हीच या रचनेची खुबी. त्यामुळे बुशमधली थोडी ढिलाईही स्टिअरिंगवर लगेच जाणवते.

मूळ बुशमध्ये बाहेर पोलादी कवच, आत पोलादी नळी आणि दोघांना घट्ट चिकटवलेले रबर असते. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमला (आर्म ज्याला जोडलेले असतात त्या गाडीखालच्या चौकटीला) जखडली जाते, तर कवच आर्मबरोबर हलते. दोन्हींमध्ये काहीही घासत नाही, फक्त रबर पिळले जाते. म्हणून याला ग्रीस लागत नाही आणि आवाजही येत नाही. मात्र उष्णता, ओझोन आणि गळलेले तेल यांनी रबर तडकते, धातूपासून सुटते. मग खड्ड्यात ठक्क असा आवाज येतो, ब्रेक लावताना गाडी बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करूनही टिकत नाही. आर्म आणि सबफ्रेम यांच्यात पहार घालून हलवले की खरा प्रकार कळतो.

बुशपेक्षा बोल्टच जास्त छळतात. एमएक्स-५मध्ये खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टवर विकेंद्री (भोक मध्यापासून सरकलेल्या) चकत्या असतात; त्या फिरवून चाकांचे कोन जुळवायचे असतात. हे बोल्ट गंजून बुशच्या नळीत घट्ट धरतात. मागच्या खालच्या आर्मचा चाकाकडचा लांब बोल्टही तसाच हट्टी. गंज सोडवणारे तेल काही दिवस आधीपासून पाजत राहावे, तरीही हलला नाही तर बोल्ट सरळ कापावा. हातोड्याने आर्मचे बोल्ट धरणारे कान वाकवू नयेत. चकत्यांची जागा सुटे करण्यापूर्वीच रंगाने खुणावून ठेवावी.

काढलेल्या आर्ममधून बुश प्रेसवर दाबून काढतात. कवच निघत नसेल तर करवतीने त्याला आतून चीर पाडतात, पण पाते आर्मला लागता कामा नये. रबर जाळून काढण्याची पद्धत आहे, परंतु तो धूर विषारी असतो, ती टाळावी. नवा बुश बसवताना भोक घासून स्वच्छ करावे आणि दाब फक्त बाहेरच्या कवचावर द्यावा. रबराला खनिज तेल लावू नये, त्याने ते फुगते. साबणाचे पाणी पुरते.

या कामातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त चुकणारी पायरी शेवटी येते. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबतात. त्याच स्थितीत बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच प्रत्येक बुश पिळलेला राहतो आणि उभ्या गाडीतही त्यावर ताण असतो. नवे रबर अशाने लवकर फाटते, शिवाय गाडी किंचित उंच बसते. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, चारही कोपरे दाबून ती स्थिरावू द्यावी आणि मगच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळावेत. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी वगळली जाते. मालकाने उभे राहून ती करून घ्यावी.

रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे बुशही मिळतात. ते नळीवर फिरतात, त्यामुळे त्यांना गाडी चाकांवर उतरवून आवळण्याचा नियम लागू नाही आणि बसवायलाही ते सोपे. पण ते कडक असतात, ग्रीस सुकले की करकरतात आणि रस्त्याचा खडबडीतपणा थेट पाठीपर्यंत पोहोचवतात. शर्यतीच्या गाडीला ते शोभतात. रोजच्या रस्त्यासाठी कारखान्याच्या मापाचे रबरच योग्य, कारण मूळ अभियंत्यांनी गाडीचा स्वभाव त्या लवचिकतेसह बेतला होता. मझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये या पिढीच्या जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली आणि काही मूळ सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले.

बुश बदलल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करावेच लागते. पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल), कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) आणि टो (चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे), मागे कॅम्बर आणि टो जुळवून घ्यावे. जुन्या खुणांवर विसंबून लांबचा प्रवास करू नये. त्या खुणा गाडी अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत नेण्यापुरत्याच.